प्रवेश मिळाला, पण पैसे कुणाचे?

वाचकाचं पत्र:

मी मेकॅनिकल इंजिनीअरिंगमध्ये एम.टेक. केलं. थ्रीडी प्रिंटिंगने घडवलेल्या टायटॅनियमच्या भागांवर पुन्हा पुन्हा भार दिला की तडे कुठून सुरू होतात, यावर माझा प्रबंध होता. गेल्या सात महिन्यांत वेगवेगळ्या देशांतल्या प्राध्यापकांना १४० मेल पाठवले. नऊ उत्तरं आली, त्यांतली सात नकाराची. एका विद्यापीठाने पीएचडीला प्रवेश दिलाय, पण फी माझी आणि राहण्याचा खर्चही माझाच. 'पहिलं वर्ष काढा, मग फंडिंगचं बघू,' असं तिथले प्राध्यापक म्हणतात. घरचे कर्ज काढायला तयार आहेत. माझे गुण मध्यम आहेत. एक पेपर आहे, तोही पैसे भरून लगेच छापून देणाऱ्या जर्नलमधला. तीन आठवड्यांत होय की नाही ते कळवायचंय. काय करू? आणि ज्यांना फंडिंगसह जागा मिळते, ते नेमकं काय वेगळं करतात?
— संशोधनाची ओढ असलेली एक वाचक

प्रिय वाचक,

मुदत जवळ आली आहे, म्हणून तो प्रश्न आधी. कर्ज काढून ही जागा घेऊ नका.

विज्ञान-अभियांत्रिकीत पीएचडी करणारी व्यक्ती शिकत असते आणि त्याच वेळी कामही करत असते. प्रयोग तीच चालवते, यंत्रं तीच सुरू ठेवते, नव्या मुलांना शिकवते. ज्या पेपरांच्या बळावर प्राध्यापकाला पुढचं अनुदान मिळतं, ते पेपरही बहुतेक वेळा तीच लिहिते. म्हणूनच या विषयांत फी माफ किंवा दुसऱ्या कुणी भरलेली, आणि वर जगण्यापुरता स्टायपेंड किंवा रीतसर पगार, ही बहुतेक चांगल्या संशोधन-विद्यापीठांतली नेहमीची रीत आहे. तुम्हाला आलेल्या पत्राचा अर्थ एवढाच, की तुमची पदवी त्यांना चालते. तुमच्या कामासाठी पैसे बाजूला काढावेत, असं तिथे अजून कुणी ठरवलेलं नाही.

कर्जात अडचण फक्त व्याजाची नसते. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रयोग फसतात, यंत्र महिनोन्महिने बंद राहतं, विषयाची दिशा बदलावी लागते. पगार मिळणाऱ्या विद्यार्थ्याला हा काळ जड जातो, पण कर्जावर जगणाऱ्याला तो परवडतच नाही. मग बाहेरचं काम धरावं लागतं, प्रबंध लांबतो, आणि लांबला की पुन्हा फी. शिवाय ज्या विद्यार्थ्यावर गाइडने स्वतःच्या अनुदानातून काहीच लावलेलं नाही, त्याचं काम पुढे सरकवण्याची गाइडलाही निकड नसते. सगळे गाइड असे असतात असं मी म्हणत नाही, पण ही व्यवस्था चांगल्या माणसालाही सैल करते. घरच्यांनी कर्जाची तयारी दाखवली यात त्यांचा तुमच्यावरचा विश्वास दिसतो. तो विश्वास इतक्या कच्च्या आश्वासनावर लावू नका.

'पहिलं वर्ष काढा, मग बघू' हे खरं असण्याचीही शक्यता आहे, म्हणून तपासून घ्या. त्या प्राध्यापकांना मेलवर नम्रपणे विचारा, की गेल्या चार-पाच वर्षांत स्वखर्चाने आलेल्यांपैकी किती जणांना दुसऱ्या वर्षापासून असिस्टंटशिप (कामाच्या बदल्यात मिळणारी आर्थिक मदत) मिळाली, ती कोणत्या पैशातून, आणि मला ती मिळेल असं पत्रात लिहून देता येईल का. त्याच दिवशी प्रवेश कार्यालयाला वेगळा मेल करा आणि प्रवेश एक सत्र किंवा एक वर्ष पुढे ढकलता येतो का ते विचारा. अनेक विद्यापीठं तशी मुभा देतात. लेखी आणि ठोस उत्तर आलं तर फेरविचार करू. गोलमोल आलं, तर त्याला नकार समजा.

आता दुसरा प्रश्न. माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

फंडिंगसह जागा मिळवणारे लोक आधी पैसा कुणाच्या हातात आहे ते शोधतात आणि मग लिहायला बसतात. तुम्ही १४० प्राध्यापकांना लिहिलंत. त्यांतल्या कितींकडे त्या महिन्यात विद्यार्थी घेण्याइतकं अनुदान होतं? कितींना विद्यार्थी निवडण्याचा अधिकार तरी होता? हे कळल्याशिवाय पाठवलेला मेल कितीही चांगला असला तरी बहुधा चुकीच्या दारात पडतो. सात नकार आले म्हणून तुमची पात्रता कमी आहे, असा निष्कर्ष मी त्यातून काढणार नाही.

पीएचडीचा पैसा ढोबळमानाने चार ठिकाणांहून येतो, आणि ठिकाण बदललं की निर्णय घेणारा माणूसही बदलतो.

सगळ्यात जास्त जागा प्राध्यापकाच्या प्रकल्प-अनुदानातून निघतात. त्याने एखाद्या विज्ञान-निधी संस्थेकडे प्रस्ताव पाठवलेला असतो, त्यात 'एक पीएचडी विद्यार्थी, तीन वर्षं' असं लिहिलेलं असतं, आणि प्रस्ताव मंजूर झाला की त्याला तो विद्यार्थी शोधावाच लागतो. अमेरिकेत याला रिसर्च असिस्टंटशिप म्हणतात. जर्मनीत, नेदरलँड्समध्ये, स्वित्झर्लंडमध्ये आणि उत्तर युरोपात ही सरळसरळ नोकरी असते. जाहिरात निघते, करार होतो, पगार, विमा, रजा सगळं असतं. तिथे 'पीएचडीला प्रवेश' शोधत बसलात तर फारसं काही हाती लागणार नाही, कारण जागा विद्यापीठाच्या नोकरीच्या पानावर असते.

दुसरा पैसा विभागाचा. प्रयोगशाळेचे तास घेणं, उत्तरपत्रिका तपासणं या कामाच्या बदल्यात टीचिंग असिस्टंटशिप मिळते. ती विभागाची प्रवेश-समिती वाटते. तिथे एखाद्या प्राध्यापकाला पाच मेल करून फारसं साधत नाही, अर्जच भक्कम लागतो. अमेरिकेतल्या जीवशास्त्राच्या अनेक कार्यक्रमांत तर विद्यार्थी पहिल्या वर्षी दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे काम करतात आणि मगच गाइड ठरतो. तुमच्या इंजिनीअरिंगमध्ये चित्र वेगळं आहे. समिती असली तरी 'या मुलीला मी माझ्या अनुदानातून घेतो' या प्राध्यापकाच्या शब्दाला मोठं वजन असतं. म्हणून तिथे मेल करणं योग्यच, पण ज्याच्याकडे अनुदान आहे त्यालाच.

तिसरा प्रकार डॉक्टरेट-शाळा आणि नेटवर्क यांचा. जर्मनीतल्या मॅक्स प्लांक सोसायटी या संशोधन संस्थेची इंटरनॅशनल मॅक्स प्लांक रिसर्च स्कूल्स आहेत, ब्रिटनमध्ये डॉक्टरल ट्रेनिंग सेंटर्स आहेत. जपानमधली ओकिनावा इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी आणि व्हिएन्नाजवळची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजी ऑस्ट्रिया यांसारख्या संस्था तर घेतलेल्या प्रत्येक पीएचडी विद्यार्थ्याचा खर्च उचलतात. इथे एकच अर्ज असतो, मुदत ठरलेली असते आणि मुलाखतींच्या फेऱ्या होतात.

युरोपीय संघाची मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्क्स तुम्ही नक्की पाहा. अनेक विद्यापीठं आणि कंपन्या मिळून एका विषयावर दहा-पंधरा पीएचडी विद्यार्थी एकदम नेमतात. राष्ट्रीयत्वाची अट नसते. अट उलट दिशेची आहे: ज्या देशात जागा आहे, त्या देशात नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेल्या किंवा मुख्य काम केलेल्या नसाव्यात. बाहेरून येणाऱ्याला फायदा देणारे नियम फार थोडे असतात, त्यांतला हा एक. या जागा युरॅक्सेस या संकेतस्थळावर लागतात.

चौथा पैसा तुमच्या नावाने येतो. स्पर्धा परीक्षेतून मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती, जर्मनीची डाड (डीएएडी), ऑस्ट्रेलियाची रिसर्च ट्रेनिंग प्रोग्रॅम ही त्यातली ओळखीची नावं. अशी फेलोशिप हातात असेल तर प्राध्यापकाला तुमच्यासाठी फारसा खर्च नसतो आणि दार लवकर उघडतं. मात्र अर्ज ते नेमणूक हा काळ लांब असतो, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबू नका. इंजिनीअर असल्यामुळे तुमच्यासाठी आणखी एक वाट आहे ती कंपनीची. फ्रान्समध्ये सिफ्र नावाची योजना १९८१ पासून चालते. कंपनी तीन वर्षांसाठी पीएचडी विद्यार्थ्याला नोकरीवर घेते, सरकार कंपनीला अनुदान देतं आणि संशोधन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेबरोबर मिळून होतं. डेन्मार्कमध्येही औद्योगिक पीएचडी आहे.

मग पैसा आत्ता कुणाकडे आलाय, हे बाहेरच्या माणसाला कळणार कसं? ते बऱ्याच देशांत उघड असतं, आणि तरीही जागा शोधणारे फार थोडे तिकडे बघतात. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची मंजूर अनुदानांची शोधयादी सगळ्यांना खुली आहे. प्राध्यापकाचं नाव, रक्कम, सुरू होण्याची तारीख, संपण्याची तारीख आणि प्रकल्पाचा सारांश, सगळं तिथे असतं. युरोपीय संघाच्या प्रकल्पांसाठी कॉर्डिस, जर्मन संशोधन-निधी संस्थेच्या (डीएफजी) अनुदानांसाठी गेप्रिस, ब्रिटनसाठी गेटवे टू रिसर्च, जपानसाठी काकेन. तुमच्या विषयाचे शब्द टाका आणि गेल्या वर्षभरात सुरू झालेले किंवा लवकरच सुरू होणारे प्रकल्प वेगळे काढा. दोन वर्षांत संपणारं अनुदान सोडून द्या, कारण त्यात नवा विद्यार्थी बसत नाही.

युरोपियन रिसर्च कौन्सिल दरवर्षी अनुदान मिळालेल्यांची यादी जाहीर करते. त्यातलं स्टार्टिंग ग्रँट तरुण संशोधकांना पाच वर्षांसाठी मिळतं आणि साधारण १५ लाख युरोपर्यंतचं असतं. ज्याला ते मिळालं तो पुढच्या काही महिन्यांत गट उभा करायला बसतो आणि त्याला माणसं हवी असतात. नावाजलेल्या ज्येष्ठ प्राध्यापकाच्या मेलपेटीत तुमच्यासारखी शेकडो पत्रं पडून असतात, या तरुण संशोधकाच्या पेटीत त्या मानाने बरीच कमी. याच कारणाने, नुकतंच पद मिळालेल्या असिस्टंट प्रोफेसरला लिहिणं मला नेहमी जास्त आशादायक वाटतं. त्याचं नाव मोठं नसेल, पण त्याचं भविष्य पहिल्या तीन-चार विद्यार्थ्यांवर अवलंबून असतं, आणि तो तुमच्यासोबत प्रयोगशाळेत उभा राहतो.

शोधताना शब्दही बदला. तुम्ही 'थ्रीडी प्रिंटिंग' आणि 'टायटॅनियम' एवढेच शब्द टाकले असणार, असं पत्रावरून वाटतं. पण तुम्हाला खरं काय येतं? फटीग चाचणी, म्हणजे पुन्हा पुन्हा भार देऊन भाग कधी तुटतो ते पाहणारी चाचणी, लावता येते. तुटलेल्या पृष्ठभागाकडे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून बघून तडा कुठे जन्मला ते सांगता येतं. एक्स-रे सीटी स्कॅनमधून आतल्या पोकळ्या मोजल्या असतील तर तेही येतं. ही कौशल्यं हायड्रोजनमुळे ठिसूळ होणाऱ्या पोलादाच्या प्रकल्पात लागतात, टर्बाइनच्या पात्यांवर लागतात, हाडांत बसवायच्या इम्प्लांटवर लागतात, अणुभट्टीच्या नळ्यांवर लागतात. ड्युसेलडॉर्फच्या मॅक्स प्लांक संस्थेत मुख्यतः धातूंवर काम चालतं. आखेनच्या फ्राउनहोफर लेझर संस्थेत धातूच्या भुकटीवर लेझर फिरवून भाग घडवण्याची पद्धत विकसित झाली. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या युरोपीय सिंक्रोट्रॉनसारख्या (अतिशय तीव्र एक्स-रे निर्माण करणाऱ्या) ठिकाणी एक्स-रेने पदार्थांच्या आत बघणारे गट पीएचडी विद्यार्थी घेतात. वस्तूच्या नावाने शोधलंत तर वीस गट दिसतील, पद्धतीच्या नावाने शोधलंत तर त्याच्या कितीतरी पट.

असे गट सापडले की यादी करा, पण मोठी नको. पंधरा-वीस नावं पुरेत. प्रत्येकाचे गेल्या दोन वर्षांतले दोन पेपर वाचा. सारांश वाचून थांबू नका, आकृत्या बघा, शेवटी 'पुढे काय करायला हवं' असं लिहिलेला भाग वाचा. मेल लिहिण्यासारखी गोष्ट बहुधा तिथेच सापडते.

मेलमध्ये काय असावं? 'आदरणीय सर, मला तुमच्या नामांकित विद्यापीठात संशोधन करण्याची तीव्र इच्छा आहे' या वाक्याने सुरू होणारा मेल पुढे वाचला जात नाही. निवडीसाठी अर्ज वाचताना मी स्वतः पहिल्या चार ओळींत एकच गोष्ट शोधते: या व्यक्तीने आमचं काम वाचलंय का, आणि तिच्याकडे आम्हाला उपयोगी पडेल असं काही आहे का. तुमचा मेल साधारण असा असू शकेल, अर्थात ज्या भाषेत लिहायचा त्या भाषेत: 'तुमच्या गेल्या वर्षीच्या पेपरात पृष्ठभाग पॉलिश केल्यावरही काही नमुने लवकर तुटले असं दाखवलंय. माझ्या एम.टेक.च्या कामात असेच नमुने तुटले, तेव्हा तडा पृष्ठभागाच्या अगदी खाली असलेल्या, नीट न वितळलेल्या भुकटीच्या पोकळीतून निघालेला दिसला. तुमचा नवा प्रकल्प या महिन्यात सुरू होतोय असं अनुदानाच्या यादीत वाचलं. त्यात पीएचडीची जागा आहे का?' पुढे दोन ओळींत तुमचं शिक्षण, सोबत दोन पानांचा सीव्ही आणि प्रबंधाचा दुवा. एवढंच. विषयाच्या ओळीत प्रकल्पाचं नाव घाला. उत्तर नाही आलं तर दहा-बारा दिवसांनी एकदा आठवण करा, आणि पुन्हा शांतताच राहिली तर यादीतलं पुढचं नाव घ्या. एकाच विभागातल्या पाच जणांना एकच मजकूर पाठवू नका. ते एकमेकांशी बोलतात.

तुमच्या नऊ उत्तरांतली दोन नकाराची नव्हती, हे मात्र मी विसरलेले नाही. ती दोन काय होती ते तुम्ही लिहिलं नाहीत. एक बहुधा प्रवेश देणाऱ्याचं असेल. दुसरं 'सध्या पैसे नाहीत, नंतर बघू' अशा धाटणीचं असेल तर त्या माणसाला दर चार महिन्यांनी दोन ओळी लिहा, आणि प्रत्येक वेळी त्यात काहीतरी नवं असू द्या: नवा निकाल, नवी आकृती. प्रस्ताव मंजूर होतो त्या आठवड्यात त्याला आठवणारं नाव तुमचं असायला हवं.

जाहिरात निघालेल्या जागांकडे आता वळू. जाहिरात सावकाश वाचण्याची सवय लावा, कारण पैशाची माहिती लहान अक्षरांत असते. जर्मन जाहिरातीत 'टीव्ही-एल ई१३, ६५ टक्के' असं दिसलं तर त्याचा अर्थ सरकारी वेतनश्रेणी १३, पण पगार पूर्ण वेळेच्या ६५ टक्के. प्रबंधाचं काम मात्र पूर्ण वेळच चालतं. अभियांत्रिकीत १०० टक्क्यांच्या जागाही बऱ्याच असतात, त्यामुळे आकडा बघून तुलना करा. स्वीडनमध्ये पीएचडी म्हणजे चार पूर्ण वर्षांचं काम. शिकवण्याचं किंवा विभागाचं काम २० टक्क्यांपर्यंत दिलं तर करार पाच वर्षांपर्यंत जातो. नॉर्वेत तीन वर्षं, आणि शिकवण्याचं काम धरलं तर चार. नेदरलँड्समध्ये साधारण चार वर्षं, पण पहिल्या वर्षात आढावा होतो आणि त्यावर पुढचा करार ठरतो. ब्रिटनमध्ये फी कुठल्या दराने भरली जाणार आहे ते बघा. काही स्टुडंटशिप फक्त स्थानिक विद्यार्थ्यांच्या दराने फी भरतात आणि मधला मोठा फरक परदेशी विद्यार्थ्याच्या डोक्यावर येतो. 'फुल्ली फंडेड' हे दोन शब्द वाचून समाधान मानू नका. फी, राहण्याचा खर्च आणि आरोग्य विमा या तिन्हींबद्दल आणि ते किती वर्षं मिळणार याबद्दल स्पष्ट वाक्य शोधा.

डच जागांसाठी अकॅडमिक ट्रान्सफर, नॉर्वेसाठी जॉबनॉर्गे, ब्रिटनसाठी फाइंड अ पीएचडी, आणि युरोपभर युरॅक्सेस, ही संकेतस्थळं बघा. आठवड्यातून एक सकाळ या कामाला द्या, रोज दिवसभर नको. उरलेला वेळ वाचण्यात घाला.

वेळापत्रकाचंही एक गणित आहे. अमेरिकेत पुढच्या वर्षीच्या प्रवेशाचे अर्ज बहुतेक ठिकाणी डिसेंबरच्या आसपास बंद होतात, म्हणजे प्राध्यापकांना लिहायचं ते ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाठवलेल्या मेलला 'यंदाचे प्रवेश झाले' हेच उत्तर येणार. तुमचे १४० मेल कोणत्या महिन्यांत गेले ते एकदा तपासा. अमेरिकेतलं विद्यापीठ स्टायपेंडसह जागा देऊन 'दोन दिवसांत हो म्हणा' असा दबाव आणत असेल, तर काउन्सिल ऑफ ग्रॅज्युएट स्कूल्सचा १५ एप्रिलचा ठराव लक्षात ठेवा. त्यावर सही केलेली विद्यापीठं आर्थिक मदतीच्या प्रस्तावावर त्या तारखेआधी उत्तर देण्याची सक्ती करत नाहीत. युरोपातल्या नोकरीवजा जागांना हंगाम नसतो, त्या वर्षभर निघतात.

गुण मध्यम आहेत, असं तुम्ही लिहिलंत. काही ठिकाणी किमान गुणांची चाळणी असते, तिथे अर्जशुल्क वाया घालवू नका. पण अनुदानातून जागा देणारा प्राध्यापक गुणपत्रिकेपेक्षा प्रबंध आणि शिफारसपत्रं जास्त बारकाईने वाचतो, कारण त्याला तीन-चार वर्षं टिकून काम करणारा माणूस हवा असतो. शिफारस मोठ्या पदावरच्या माणसाची घेण्याचा मोह टाळा. विभागप्रमुखांचं 'हुशार आणि मेहनती विद्यार्थिनी' हे एका परिच्छेदाचं पत्र कुणालाच काही सांगत नाही. ज्यांनी तुम्हाला यंत्रापाशी काम करताना पाहिलंय, नमुना सरळ धरला जात नव्हता तेव्हा तुम्ही जिग (नमुना धरून ठेवणारा साचा) कसा बदललात हे ज्यांना आठवतंय, त्यांचं पत्र घ्या.

पेपरबद्दल: तो कुठल्या दर्जाच्या जर्नलमध्ये आलाय ते या क्षेत्रातल्या माणसाला एका नजरेत कळतं. पैसे आकारणारं प्रत्येक जर्नल वाईट नसतं, खुल्या प्रवेशाची चांगली जर्नलंही छपाईशुल्क घेतात. प्रश्न परीक्षणाचा असतो. तुमच्या पेपराचं परीक्षण नीट झालं नसेल तर त्याला यादीच्या डोक्यावर ठेवू नका. प्रबंध वर ठेवा, पेपर खाली, आणि मुलाखतीत विचारलं तर जे घडलं ते सरळ सांगा. लपवलेलं उघड झालं तर नुकसान मोठं.

मुलाखत बहुधा व्हिडिओवर होते. आधी दहा-पंधरा मिनिटांत आपलं काम सांगायचं, मग प्रश्न. सगळं जमलं असं सांगणाऱ्यावर समितीचा विश्वास बसत नाही. कुठलं निरीक्षण अपेक्षेविरुद्ध आलं, त्यावर तुम्ही काय तपासलं, काय अजून उलगडलेलं नाही, हे बोला. आणि तुम्हीही विचारा: पैसे कोणत्या तारखेपर्यंत आहेत, प्रबंध त्याआधी झाला नाही तर पुढची सोय काय, मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले, ते आता कुठे आहेत. शेवटी गटातल्या एक-दोन सध्याच्या विद्यार्थ्यांशी गाइडच्या अनुपस्थितीत बोलू द्या, अशी विनंती करा. चांगला गाइड ती आनंदाने मान्य करतो. ज्याला ती विनंतीच खटकते, त्याच्याकडे पैसे असले तरी मी जाणार नाही, तुम्हीही जाऊ नका.

एक इशारा द्यायलाच हवा. अमेरिकेसारख्या ठिकाणी विद्यापीठं अर्जशुल्क घेतात, ते रीतसर आहे आणि अनेकदा विनंती केल्यावर माफही होतं. पण 'जागा निश्चित करण्यासाठी अनामत भरा', 'आमच्यामार्फत प्राध्यापकाशी बोलणं करून देतो' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. पगार देणारी संस्था उमेदवाराकडे पैसे मागत नाही. जाहिरातीतला मेलचा पत्ता विद्यापीठाच्या स्वतःच्या डोमेनचा आहे का, आणि ती जागा विद्यापीठाच्या पानावर दिसते का, हे दरवेळी तपासा.

आता मधल्या काळाचं. हे वर्ष रिकामं जाणार अशी भीती तुम्हाला असणार. एखाद्या संशोधन प्रकल्पात प्रकल्प सहायक म्हणून, किंवा धातूंची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी म्हणून काम मिळालं तर घ्या. निवड समितीला त्यात खंड दिसत नाही, यंत्र हाताळलेली व्यक्ती दिसते. आणि तुमच्या जुन्या गाइडना याच आठवड्यात भेटा. प्रबंधात न वापरलेले नमुने आणि त्यांचे स्कॅन अजून संगणकावर असतील, तर त्यांतून दुसरा, नीट परीक्षण होऊन छापला जाईल असा पेपर निघू शकतो का ते विचारा. तो लिहिताना तुम्ही दोघं पुन्हा त्या आकड्यांवर बसाल, आणि मग शिफारसपत्र मागायला वेगळं निमित्त शोधावं लागणार नाही.